रिझर्व्ह बँकेत इकॉनॉमिस्ट व्हायचंय? तयारी अशी करा

इकॉनॉमिक्समध्ये एमए करताय आणि रिझर्व्ह बँकेत जायचंय तर आधी हे बघा, जनरल ग्रेड बी (ऑफिसरची पोस्ट) वेगळी आणि डीईपीआरची, म्हणजे बँकेच्या इकॉनॉमिक रिसर्च डिपार्टमेंटची ग्रेड बी वेगळी, रिसर्चची आवड असेल तर डीईपीआरच भरा. ओपनला एमएला 55 टक्के लागतात, वय 21 ते 30, पीएचडी असेल तर 34 पर्यंत चालतं. कॉलेज म्हणाल तर पुण्याचं गोखले इन्स्टिट्यूट आहे, गोरेगावचं आयजीआयडीआर तर रिझर्व्ह बँकेनंच काढलंय.

आता खरी गोष्ट. नुसत्या एमसीक्यूवर राहू नका, डिस्क्रिप्टिव्ह पेपर असतात, लिहिता आलंच पाहिजे. त्यासाठी एमपीसीचे, म्हणजे व्याजदर ठरवणाऱ्या कमिटीच्या मीटिंगचे मिनिट्स वाचा, पॉलिसीनंतर 14 व्या दिवशी येतात, सहाही मेंबर रेपो रेटवर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो) मत का दिलं ते स्वतः लिहितात, एकाच महागाईच्या आकड्यावरून दोघं वेगळं कसं बोलतात ते वहीत मांडून बघा, माझ्या मते याच्याइतका चांगला क्लास नाही. मायकेल पात्रा 1985 ला बँकेत लागले आणि 2020 मध्ये डेप्युटी गव्हर्नर झाले, म्हणजे वेळ लागतो पण आतूनही वर जाता येतं. इकोनोमेट्रिक्स (आकडेवारीवरून इकॉनॉमिक्स तपासायचं शास्त्र) मात्र आत्तापासूनच पक्कं करा, सरावाला रिझर्व्ह बँकेच्या डीबीआयई या डेटाच्या साइटवर डेटा फुकट मिळतो.