विधी विद्यार्थ्यांच्या उन्हाळी कामाला निधी देताय? या चुका टाळा

कायदा शिकताना सुटीत महिनाभर बिनपगारी काम (इंटर्नशिप) कोणाला परवडतं? ज्याला घरून पैसे येतात त्याला. परभणी-हिंगोलीकडच्या कोरडवाहू घरातली मुलगी मागे राहते, आणि पक्षकाराचं दुखणं तर तिलाच आधी कळतं. माजी विद्यार्थी आणि वकील मंडळी निधी उभारतात तो तिच्यासाठी. तो तिच्यापर्यंत वेळेत पोहोचायला हवा.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे मानधन शेवटी, प्रमाणपत्रासोबत देणं. खोलीचं भाडं आणि मेसचे पैसे आधी भरावे लागतात. निम्मी रक्कम तरी काम सुरू होण्याआधी थेट खात्यात टाका. सगळ्यांना सारखीच रक्कमही नको. संभाजीनगरात घरी राहणारा आणि किनवटच्या पाड्यावर वनहक्काच्या दाव्यांसाठी जाणारी, यांचा खर्च एक कसा असेल? एसटी जिथे थांबते तिथून पुढे काळी-पिवळी असते. ते भाडंही धरा.

दुसरी चूक वेळापत्रकाची. मे महिन्यात जिल्हा न्यायालयांना आणि उच्च न्यायालयाच्या खंडपीठालाही सुटी असते, तातडीचंच काम चालतं. तरी विद्यार्थ्याला कोर्टातच पाठवलं जातं आणि तो बाकावर बसून राहतो. त्याच दिवसांत बीड, केज, धारूरकडे ऊसतोड कुटुंबं गावी परतलेली असतात. दिवाळीच्या सुमारास ती पुन्हा फडावर जातील, मग भेटणार कोण? उचल म्हणजे आगाऊ रक्कम किती घेतली, मजूर नेणाऱ्या मुकादमाने हिशेब काय दाखवला, किती फेडलं, हे त्यांच्याजवळ बसून लिहून घ्यायचे हेच दिवस. सोबत विधी सेवा प्राधिकरणाचा स्वयंसेवक असावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मिळतं. हे सांगून अर्ज भरून घेतला, तरी महिना सार्थकी लागला.

बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या (वकिली आणि विधी शिक्षणाची नियामक संस्था) २००८ च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात १२ आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते, पण एका वर्षात सलग चारपेक्षा जास्त आठवडे चालत नाहीत. सलग दोन महिन्यांची योजना आखण्याआधी कॉलेजशी बोला.

निवडीसाठी इंग्रजी निबंध मागू नका. सातबारा वाचायला द्या, मराठीत एक अर्ज लिहायला सांगा.

आणि देणगीदारांनो, पीडित बाईसोबतचा फोटो कधीही मागू नका. तिची गोष्ट गुप्त ठेवणं हा वकिलीचा पहिला धडा आहे. पुरावा हवाच असेल तर नावं वगळून मराठीत दोन पानं मागा: कोणते अर्ज दिले, कुठे अडले, आणि आता पाठपुरावा कोण करणार.