नॅशनल पार्कला जाताय? या चुका टाळा

बोरिवली स्टेशनाच्या पूर्वेला उतरून चालत जाता येईल इतक्या जवळ संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं फाटक आहे. जंगल इतकं हाताशी असल्यामुळेच लोक बागेत निघाल्यासारखे निघतात. पण हे शंभरहून अधिक चौरस किलोमीटरचं जंगल आहे आणि त्यात बिबटे राहतात.

सोमवारी उद्यान बंद असतं. सुट्टी सोमवारी आली म्हणून मुलांना घेऊन निघू नका.

दुसरी चूक उद्यानातल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांची. फाटकापासून लेणी सहा-सात किलोमीटर आत आहेत, शिवाय चढ. दुपारी पोचलेली मंडळी तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं प्रार्थनागृह, बघतात आणि दमून परत फिरतात. माझ्या मते कान्हेरीचं खरं वैभव त्याच्या वर आहे: शंभरावर लेणी, आणि लेण्यालेण्याशी कातळात खोदलेल्या पाण्याच्या पोढी, म्हणजे टाकी. डोंगरावर पडलेलं पावसाचं पाणी पन्हळींतून त्यांत उतरायचं आणि भिक्षूंना पुरायचं. त्याच पोढींत आज बाटल्या तरंगताना दिसल्या की जीव तुटतो. फाटक उघडताच आत शिरा आणि आधी कान्हेरी गाठा. उशीर झालाच, तर त्या दिवशी लेण्यांचा नाद सोडा.

सगळ्यात महागात पडणारी चूक मात्र खाण्याची. माकडांना वेफर्स दिले की ती पुढच्या माणसाच्या पिशवीवर झडप घालतात. पिशवी धरलीच, तर ओढाओढ करू नका, सोडून द्या. उरलेलं अन्न टाकलं की भटकी कुत्री येतात, आणि कुत्रा हे बिबट्याचं सोपं भक्ष्य. म्हणजे आपली पत्रावळ बिबट्याला वस्तीच्या कडेला आणते, आणि त्याची भीती आतल्या पाड्यांवर राहणाऱ्यांना सोसावी लागते. डबा जरूर न्या, पण खरकटं आणि कचरा घरी परत आणा.

बिबट्या दिसला तर पळू नका, वाकू नका, फोटोसाठी पुढे जाऊ नका. लहान मुलाला उचलून घ्या आणि बिबट्यावर नजर ठेवून सावकाश मागे सरका. त्याची वाट मोकळी असली की बहुधा तो स्वतःच निघून जातो. संध्याकाळी मुलांना पुढे धावू देऊ नका. मदत लागली तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाइलमध्ये आधीच ठेवा.

पावसाळ्यात कातळावर शेवाळ धरतं, तेव्हा गुळगुळीत तळव्यांच्या चपला नकोत. ओढ्यात उतरूच नका, पाय भिजवायलासुद्धा नाही. आपल्या डोक्यावर ऊन असताना वर डोंगरात पाऊस कोसळत असतो आणि लोंढा अचानक येतो. कोणी आधीच पाण्यात असेल आणि पाणी गढूळ होऊन पालापाचोळा, काटक्या वाहत येऊ लागल्या, तर सामान तिथंच टाकून सगळ्यांना लगेच काठावर, उंचावर घ्या.