सोलापुरात वन बीएचके भाड्याने घेताना: आधी पाणी बघा, मग खोल्या

सोलापुरात घर शोधणारे बहुतेक जण आधी भाडं विचारतात, मग डिपॉझिट, आणि पाण्याचं विचारायचं राहूनच जातं. इथे नळाला रोज पाणी येत नाही. उजनी धरणाचं पाणी भागवार, काही दिवसांआड सुटतं. कुठे पहाटे, कुठे रात्री उशिरा. त्यामुळे घर राहण्याजोगं आहे की नाही, हे खाली हौद केवढा आहे आणि वरची टाकी किती बिऱ्हाडांत वाटलेली आहे यावर ठरतं. हॉलच्या टाइल्स नंतर बघता येतील.

भाग ठरवा

रोज जायचं कुठे, ते धरून शोध सुरू करा. चिंचोली एमआयडीसी किंवा केगावचं विद्यापीठ असेल, तर पुणे रोडला बाळे-केगावकडे बघा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम असेल, तर नीलम नगरच्या आसपास. मोकळी वस्ती हवी असेल, तर विजापूर रोड आणि होटगी रोडच्या मधलं जुळे सोलापूर बरं. पूर्व भागात घर बघताना शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे का ते आधी पाहा. लहान मूल किंवा आजारी माणूस घरात असेल, तर मागांची खटखट सोसवत नाही.

१९९२ मध्ये आजूबाजूची गावं महापालिकेत आली. त्या पट्ट्याला आजही हद्दवाढ भाग म्हणतात. तिथे भाडं कमी असू शकतं, पण ड्रेनेज लाइन आहे की सेप्टिक टाकी, आणि पावसाळ्यात घरापर्यंत गाडी येते का, हे विचाराच. काळ्या मातीचा कच्चा रस्ता जुलैत काय होतो, ते मार्चमध्ये कळत नाही.

घर बघायला दुपारी जा

ऑनलाइन फोटो बघून पैसे पाठवू नका. 'मी बाहेरगावी आहे, टोकन टाका, चावी पाठवतो' असं कुणी म्हणालं, तर तो विषय तिथेच सोडा. एजंटमार्फत जाणार असाल, तर दलाली किती आणि ती कधी द्यायची, हे घर बघण्याआधी ठरवून घ्या. ज्या गल्लीत राहायचं आहे, तिथल्या किराणा दुकानदाराला विचारलं तरी पुष्कळ घरं कळतात.

वेळ दुपारी तीनची निवडा. मे महिन्यात इथे पारा ४० च्या वर असतो. सगळ्यात वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो. वरचाच मजला घ्यायचा असेल, तर खिडक्या समोरासमोर आहेत का आणि पश्चिमेच्या भिंतीवर सावली पडते का, ते बघा. माझं मत विचाराल, तर पाचशे रुपये जास्त गेले तरी मधला मजला घ्यावा.

मग पाणी. घरमालकाला विचाराच, पण त्याच इमारतीतल्या एखाद्या ताईंनाही विचारा; खरं चित्र त्यांच्याकडून कळतं. पाणी किती दिवसांनी येतं, किती वेळ टिकतं? हौदातून टाकीत पाणी चढवायची मोटर कोण चालू करतं, आणि त्या मोटरचं बिल कुणाच्या मीटरवर? बोअर असेल, तर ती एप्रिल-मेमध्ये चालते का? टँकर मागवावा लागला, तर पैसे घरमालक देणार की सगळे भाडेकरू वाटून घेणार? नळांवर पांढरा थर साचलेला दिसला, तर बोअरचं पाणी जड आहे असं समजा. प्यायला जार लागेल आणि तो खर्च भाड्यात धरून चाला.

विजेचं मीटर स्वतंत्र हवं. महावितरणची मागची दोन-तीन बिलं बघा, थकबाकी कळेल. घरमालकाच्याच मीटरवरून जोडलेलं सबमीटर असेल, तर युनिटचा दर आत्ताच ठरवा.

मांसाहार, रात्री उशिरा येणं, पाहुणे, गाडी कुठे लावायची, हे सगळं पहिल्याच भेटीत मोकळेपणाने बोला. घरमालकाची अट पटत नसेल, तर दुसरं घर बघावं. लपवून राहण्यात दोघांनाही त्रास.

करार नोंदवूनच घ्या

पाचशेच्या स्टँपवर लिहून नोटरी केली म्हणजे करार नोंदला, असा पुष्कळांचा समज असतो. तसं नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायच्या परवानगीचा) करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. करार नोंदलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात. घरमालक कां-कू करत असतील, तर त्यांना हे शांतपणे सांगा.

खर्चही फार नाही. समजा भाडं ७,००० रुपये, डिपॉझिट ३०,००० आणि मुदत ११ महिने. एकूण भाडं ७७,०००. त्यात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,७५० मिळवायचं. या रकमेच्या ०.२५ टक्के, म्हणजे साधारण २०० रुपये मुद्रांक शुल्क. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामपंचायत हद्दीत ५०० रुपये. आधार आणि अंगठा लावून हे काम ऑनलाइन होतं. घरी येऊन करून देणारे वेगळे पैसे घेतात. शुल्क कोण भरणार, ते आधी बोला.

करारात चार गोष्टी शब्दांत लिहून घ्या: डिपॉझिट किती दिवसांत परत, सोडताना नोटीस किती, रंगाचे पैसे कापणार का, आणि टँकर-मोटरचा खर्च कुणाचा. डिपॉझिट बँकेतून किंवा यूपीआयने द्या. रोख दिलंत तर सहीची पावती घ्या. भाडेकरूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्यात द्यायची असते. त्यासाठी लागणारा फोटो आणि आधारची प्रत घरमालकाकडे देऊन ठेवा.

सामान आणण्याआधी

रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा: भिंतीवरची ओल, बाथरूमचे नळ, दारांच्या कड्या, पंखे. मीटरच्या रीडिंगचा फोटो घ्या आणि दोन्ही त्याच दिवशी घरमालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा. सामान हलवायचा दिवस शक्यतो पाणी येणाऱ्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी ठेवा, म्हणजे टाकी भरलेली मिळेल.