वर्गातला ‘ए’ आणि मे महिन्यातला ‘पाच’: एपी घेणाऱ्या मुलांच्या पालकांसाठी

दर उन्हाळ्यात पुण्या-मुंबईहून, हल्ली बंगळुरूहूनही, बरीच मराठी कुटुंबं आमच्या न्यू जर्सीत येतात. एडिसन, प्लेन्सबरो, वेस्ट विंडसर. ज्यांची मुलं नववी-दहावीच्या वयाची असतात ते घर लागायच्या आत विचारतात, “एपी किती घ्यायचे?” एपी म्हणजे अ‍ॅडव्हान्स्ड प्लेसमेंट, हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे विषय. माझं त्यांना सांगणं असतं की आकडा नंतर ठरवू. एपीच्या एकाच विषयाचे मुलाला दोन निकाल मिळतात, ते आधी नीट समजून घ्या.

पहिला निकाल शाळेचा. वर्षभर गृहपाठ, क्विझ, चाचण्या, प्रोजेक्ट, लॅब यांतून ग्रेड तयार होते: ए, बी, सी. ती तो विषय शिकवणारे शिक्षक देतात आणि ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे सगळ्या वर्षांच्या ग्रेडच्या अधिकृत नोंदीवर, कायमची छापली जाते. दुसरा निकाल एपी चालवणाऱ्या कॉलेज बोर्ड या संस्थेचा. मे महिन्यात देशभर एकाच वेळापत्रकाने परीक्षा होते, निबंधवजा उत्तरं जूनमध्ये कॉलेजचे प्राध्यापक आणि शाळांमधले एपी शिक्षक तपासतात आणि जुलैत १ ते ५ मधला एक आकडा हातात येतो; ५ सगळ्यात वरचा, ३ म्हणजे साधारण उत्तीर्ण. त्या आकड्याने शाळेची ग्रेड सहसा बदलत नाही. ग्रेडने तो आकडाही बदलत नाही.

आपल्याकडे वीस मार्क शाळेच्या हातात आणि ऐंशी बोर्डाच्या पेपरात, ही सवय आपल्या हाडात मुरलेली आहे. वर्षभर जे चालतं ते ‘आतलं’, खरं काय ते मार्चमध्ये. इथे कॉलेजच्या प्रवेशाचा मुख्य भार त्या ‘आतल्या’वरच आहे. अर्जात नववी ते अकरावीच्या सगळ्या ग्रेड जातात, बारावीच्या मध्यापर्यंतच्याही मागतात. एपीचे स्कोअर दाखवायचे की नाही, हे बहुतेक कॉलेजं विद्यार्थ्यावर सोडतात. बारावीत घेतलेल्या एपीची परीक्षा तर प्रवेश ठरल्यावर होते, कारण बहुतेक ठिकाणी १ मेपर्यंत कॉलेज निवडून झालेलं असतं.

आता ज्या एका चुकीपायी मी हे लिहायला बसले तिच्याकडे येते. शाळेच्या पोर्टलवर गृहपाठापुढे ‘मिसिंग’ असं दिसतं. त्या ‘मिसिंग’चा अर्थ बहुतेक शाळांत शून्य असा होतो. शून्य सरासरीचं काय करतं ते कागदावर मांडून बघा. पाच गृहपाठ आहेत, चारांत ९५, एक दिलाच नाही. सरासरी ७६. गृहपाठाला २० टक्के वजन आणि चाचण्यांना ८० असेल, चाचण्यांची सरासरी ९० असेल, तर एकूण येतात ८७.२. तोच एक गृहपाठ दिला असता तर ९१ आले असते. ए मायनसचा बी प्लस झाला तो एका रात्रीच्या कंटाळ्यामुळे. दोन राहिले तर ८३.४, म्हणजे साधा बी. गणित मुलाला उत्तम येत होतं, तरीही.

आमच्या ओळखीतला एक मुलगा दहावीच्या सुरुवातीला इथे आला. हुशार, ऑलिम्पियाडची तयारी केलेला. अकरावीत त्याने कॅल्क्युलस बीसी, म्हणजे एपी कॅल्क्युलसमधला वरच्या पातळीचा विषय, घेतलं. गृहपाठ त्याला पोरकट वाटायचा, आणि आई-वडिलांचंही म्हणणं होतं की परीक्षेत दाखवेल तो. मेमध्ये त्याने दाखवलं, ५ आला. ट्रान्सक्रिप्टवर मात्र त्याच विषयात दोन्ही सेमिस्टरला बी मायनस. ज्या इंजिनिअरिंग कॉलेजांकडे त्यांचे डोळे लागले होते त्यांतल्या एकानेही घेतलं नाही. नकाराचं कारण कॉलेजं सांगत नाहीत, त्यामुळे तेच एक कारण होतं असं म्हणता येणार नाही. पण ज्या गणिताच्या जोरावर तो इंजिनिअरिंगला निघाला होता त्याच विषयातली सगळ्यात खालची ग्रेड त्याच्या अर्जात होती. हा प्रकार मी पुढे आणखी दोन घरांत जवळून पाहिला. पोर्टलचा पासवर्ड पालकांनी पहिल्याच आठवड्यात घ्यावा आणि दर रविवारी मुलासोबत बसून फक्त ‘मिसिंग’ बघावेत. मार्कांवरून बोलू नका. राहिलेलं काम उशिरा दिलं तर काही शिक्षक निम्मे मार्क देतात, काही पूर्ण देतात. विचारल्याशिवाय कळत नाही.

याच्या उलटही घडतं. वर्षभर ए, आणि जुलैत २. पालकांना वाटतं पेपर तपासणाऱ्यांची चूक. तसं जवळजवळ कधीच नसतं. पुष्कळ शिक्षक चाचणी पुन्हा देऊ देतात, चुका दुरुस्त करून आणल्या तर निम्मे मार्क परत देतात, एक्स्ट्रा क्रेडिट देतात. काही जण चाचणीला कर्व्ह लावतात, म्हणजे सगळ्या वर्गाचे मार्क वर ओढतात. यात वाईट काही नाही. मूल चुकीतून शिकावं ही त्यामागची इच्छा मला मनापासून आवडते. पण अशा ए मधून मुलाला तीन तासांच्या पेपरात, मदतीशिवाय, किती जमतं हे कळत नाही. शिवाय ग्रेड सगळीकडेच सैल होत चालल्या आहेत. एसीटी या संस्थेने २०२२ मध्ये काढलेल्या अहवालात हायस्कूलचा सरासरी जीपीए (ए ला चार धरून काढलेली ग्रेडची सरासरी) २०१० मधल्या ३.२२ वरून २०२१ मध्ये ३.३९ वर गेलेला दिसतो. एका शाळेतला ए आणि शेजारच्या गावातल्या शाळेतला ए यांची तुलनाच होत नाही. मेचा पेपर तेवढा सगळ्यांना सारखा.

न्यू जर्सीची आणखी एक अडचण आहे, ती कोणी सांगत नाही. आपल्या बहुतेक शाळा लेबर डेनंतर, म्हणजे सप्टेंबरमध्ये उघडतात आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालतात. जॉर्जिया, टेक्ससकडच्या शाळा ऑगस्टमध्येच सुरू होतात. परीक्षा दोघांची मेच्या त्याच दोन आठवड्यांत. म्हणजे आपल्या मुलांना तयारीला तीन-चार आठवडे कमी मिळतात, आणि बर्फाच्या सुट्ट्या त्यातूनच जातात. शेवटचं युनिट घाईत उरकलं जातं. वर्गाच्या ग्रेडवर याचा परिणाम दिसत नाही, पेपरात दिसतो. बॅक-टू-स्कूल नाइटला, म्हणजे वर्षाच्या सुरुवातीच्या पालक-भेटीत, शिक्षकांना एवढंच विचारा: सिलॅबस एप्रिलच्या कितव्या आठवड्यात संपतो?

स्कोअर कसा येईल याचा अंदाज जानेवारीतच घेता येतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. कॉलेज बोर्ड मागच्या वर्षांचे लेखी प्रश्न आणि ते कसे तपासले याच्या मार्गदर्शिका एपी सेंट्रल या संकेतस्थळावर फुकट ठेवतं. एका शनिवारी घड्याळ लावून मुलाकडून दोन प्रश्न सोडवून घ्या आणि मार्गदर्शिका समोर ठेवून त्यालाच तपासू द्या. आपल्या मुलांचे मार्क कुठे जातात ते लगेच कळतं. कॅल्क्युलसमध्ये फलनाची (फंक्शनची) स्थानिक कमाल किंमत काढायची असते. मूल अवकलज (डेरिव्हेटिव्ह) काढतं, शून्याशी समीकरण मांडतं, अधिक-उणे चिन्हांचा तक्ता काढतं आणि उत्तराला चौकट करतं. उत्तर बरोबर, पण समर्थनाचा गुण जातो. अवकलज त्या बिंदूपाशी धनाचं ऋण होतं म्हणून तिथे स्थानिक कमाल आहे, हे वाक्यात लिहावं लागतं. नुसता तक्ता समर्थन म्हणून धरत नाहीत. कॅल्क्युलेटरच्या प्रश्नांत दशांश तीन स्थळांपर्यंत अचूक हवेत. भारतात गणित उत्तम शिकून आलेल्या मुलांना हे नवीन असतं, आणि दोन शनिवारांत जमतंही. चुकीच्या उत्तराला उणे मार्क २०११ पासून नाहीत, तेव्हा बहुपर्यायी प्रश्न एकही कोरा सोडू नये. जेईईच्या वळणाने वाढलेल्या मुलांना हे मुद्दाम सांगावं लागतं.

स्कोअरचा अर्थही विषयागणिक बदलतो. कॅल्क्युलस बीसीमध्ये ४० टक्क्यांहून जास्त मुलांना ५ मिळतो, कारण त्या वर्गात पोचतात तीच मुळात गणितात पुढे असलेली मुलं. फिजिक्स १ नावाने सोपा वाटतो, पण बरीच वर्षं तिथे ३ गाठणारे निम्म्याहून कमीच असत. मधल्या काळात कॉलेज बोर्डाने काही विषयांचे निकष नव्याने ठरवले. अमेरिकेच्या इतिहासात २०२३ मध्ये ३ किंवा त्यावर मिळवणारे निम्म्याहून कमी होते, २०२४ मध्ये ते ७० टक्क्यांच्या पुढे गेले. तेव्हा ताईला २०२२ मध्ये ३ मिळाला आणि धाकट्याला आता ४, यावरून घरात तुलना करू नका.

इतिहासाचंच आणखी सांगते. भारतातून येऊन पहिल्याच वर्षी एपी अमेरिकन इतिहास घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. वर्गातली मुलं पाचवीपासून हा इतिहास ऐकत आलेली असतात. त्यात सात दस्तऐवज वाचून एका तासात त्यांच्या आधाराने मत मांडणारा निबंध लिहायचा. पाठ केलेले मुद्दे तिथे उपयोगी पडत नाहीत. एक वर्ष साधा वर्ग करावा, लिहायचा हात बसू द्यावा.

भारतातल्या गुणपत्रिकेबद्दल एक धोका. इथे ९० च्या वर ए, ८० च्या वर बी अशी साधारण पट्टी असते. नववीचे ८४ टक्के कोणी विचार न करता बी म्हणून चढवू शकतं. शाळेच्या काउन्सेलरला (विषयनिवड आणि कॉलेजचे अर्ज बघणाऱ्या सल्लागाराला) आधी भेटा, भारतातल्या बोर्डाची श्रेणीपद्धत छापील घेऊन जा, आणि जुने विषय फक्त ‘उत्तीर्ण’ म्हणून नोंदवता येतील का ते विचारा. इथली शाळा शिक्क्याची गुणपत्रिका मागते, म्हणून भारतातून निघण्यापूर्वीच ती तिथल्या शाळेतून घ्या.

आपल्या लोकांबद्दलही थोडं बोलायला हवं. मंडळाच्या कार्यक्रमात, व्हॉट्सअ‍ॅपवर एपींचे आकडे मोजले जातात: याचे नऊ, तिचे अकरा. क्लासवाले त्यावरच जगतात. ग्रेड काय आल्या, मूल किती वाजता झोपतं, हे कोणी विचारत नाही. वेटेड जीपीएत एपीच्या ए ला चाराऐवजी पाच धरतात म्हणून ही शर्यत लागते, पण अनेक विद्यापीठं आपल्या पद्धतीने जीपीए पुन्हा मोजतात. कॅलिफोर्निया विद्यापीठाने तर जादा गुणांना आठ सेमिस्टरची मर्यादाच घातली आहे. चार विषयांत ए आणि ४-५ हे आठ विषयांत बी आणि ३ पेक्षा मला केव्हाही बरं वाटतं. मराठीला एपी नाही, हिंदीलाही नाही. तरी मुलांना रविवारच्या मराठी शाळेतून काढू नका.

नोंदणी आपोआप होत नाही. एपीचा वर्ग घेतला तरी परीक्षेची नोंद शरद ऋतूत वेगळी करावी लागते, कॉलेज बोर्डाची शेवटची तारीख नोव्हेंबरच्या मध्यात असते आणि शाळेची त्याआधी. फी १०० डॉलरच्या आसपास, उशीर झाला तर ४० डॉलर वर. कमी उत्पन्नाच्या घरांना सवलत आहे, ती काउन्सेलरकडे मागावी.

बारावीच्या मुलांचं गणित थोडं वेगळं. प्रवेश हातात आला तरी तो शेवटच्या ट्रान्सक्रिप्टवर अवलंबून असतो, त्यामुळे वसंतात सी आणि डी येऊ देऊ नयेत. स्कोअरचा उपयोग तेव्हा क्रेडिटसाठी, म्हणजे कॉलेजातला तो विषय झाला असं धरून घ्यायला, आणि इथे प्रत्येक कॉलेजचा नियम निराळा. न्यू जर्सीचं सरकारी विद्यापीठ रटगर्स ४ किंवा ५ ला क्रेडिट देतं. टेक्ससच्या सरकारी विद्यापीठांना कायद्याने साधारणपणे ३ पासून द्यावं लागतं. कॅलटेक देतच नाही. कॉलेज ठरलं की त्याचा तक्ता उघडून विषयवार बघा, मग कुठल्या पेपरासाठी एप्रिल झिजवायचा ते ठरवा. दरवर्षी एका कॉलेजला स्कोअर फुकट पाठवता येतो, त्याची मुदत २० जून. आणि बीसीत ४ मिळाला म्हणून इंजिनिअरिंगला थेट तिसऱ्या कॅल्क्युलसला बसायचं असेल, तर त्या विद्यापीठाचा दुसऱ्या कॅल्क्युलसचा जुना अंतिम पेपर मिळवून जुलैत एकदा सोडवायला लावा. निम्म्याहून जास्त अडला तर क्रेडिट बाजूला ठेवून तो वर्ग पुन्हा करू द्या.