मॉडेलिंगमध्ये नवीन आहात? आधी कपडा सांभाळायला शिका

रॅम्पवर चालायचं कसं, पोज कशी द्यायची हे शिकवणारे पुष्कळ आहेत. मी मुंबईत शूटवर आणि शोच्या बॅकस्टेजला ड्रेसरचं काम करते. कपडे चढवणं-उतरवणं, इस्त्री, पिना, टाके सगळं आमच्याकडे. तिथून जे दिसतं ते सांगते: कपडा नीट हाताळणाऱ्या मॉडेलला परत बोलावतात. चेहरा कोऑर्डिनेटरने, म्हणजे शूटसाठी मॉडेल शोधून देणाऱ्याने, फोटोत आधीच पाहिलेला असतो. कामाची रीत मात्र ड्रेसिंग रूममध्येच कळते, आणि पुढच्या शूटला कोणाला घ्यावं हे स्टायलिस्ट आम्हालाही विचारतात.

कामासाठी कोऑर्डिनेटरला किंवा एजन्सीला फोटो पाठवताना मेकअप नको, फिल्टर नको. खिडकीचा उजेड, कोरी भिंत, अंगाबरोबरचे साधे कपडे. समोरून, दोन्ही बाजूंनी, पाठमोरा आणि पूर्ण उंचीचा फोटो हवा, केस बांधून आणि मोकळे सोडूनही. मापं टेप लावून घ्या आणि खरीच लिहा. कंबर २६ लिहिली आणि निघाली २९, तर त्या मापाने आणलेले कपडे अंगात चढत नाहीत आणि अख्खं युनिट खोळंबतं. बुटाचा नंबरही लिहा, तो हमखास राहतो.

बॅग आदल्या रात्री भरा. त्वचेच्या रंगाची, शिवण न दिसणारी अंतर्वस्त्रं दोन जोड, मुलींनी बिनपट्ट्यांची ब्रा, एक काळी आणि एक त्वचेच्या रंगाची हील्स, सेफ्टी पिना, ओले टिश्यू आणि एक पातळ सुती ओढणी. नेलपेंट काढून या, अंगठ्या घरी ठेवा. वॅक्सिंग दोन दिवस आधी उरका, म्हणजे लाली उतरलेली असते. येताना घट्ट जीन्स किंवा घट्ट इलॅस्टिकचे मोजे नकोत, त्यांचे वळ अंगावरून जायला वेळ लागतो आणि कॅमेऱ्यात ते स्वच्छ दिसतात. पुढून बटणं असलेला सैल शर्ट सगळ्यात बरा. केस-मेकअप झाल्यावर डोक्यावरून काही काढावं लागत नाही.

ओढणी कशाला, तर गोल गळ्याचा कुर्ता डोक्यावरून घालताना ती चेहऱ्यावर टाकायची, कुर्ता खाली ओढायचा आणि मग गळ्यातून ओढणी अलगद बाहेर काढायची. कॅटलॉग शूटला येणारे कपडे बहुतेक सॅम्पल असतात, एकेकच नग. पांढऱ्या गळ्याला फाउंडेशनचा पट्टा लागला की मी तो पुसत बसते, आणि फोटोग्राफरसकट सगळे माझ्याकडे बघत बसतात. ऑनलाइन कॅटलॉगला दिवसात तीस-चाळीस लूक, म्हणजे तितके वेगवेगळे पोशाख, सहज होतात. तिथे असा एक डागसुद्धा महागात पडतो.

इस्त्रीचा कपडा अंगात असताना बसू नका. लिननच्या पँटला गुडघ्यामागे चुण्या पडल्या की ती पुन्हा स्टीमरखाली. कपडा मापात दिसावा म्हणून पाठीला चिमटे लावलेले असतात, तेव्हा भिंतीला टेकायचं नाही. बुटाच्या तळव्याला लावलेली टेप सोलू नका, ते बूट कोरे परत जायचे असतात. चेन अडकली तर ओढू नका, हाक मारा. उतरवलेला कपडा टॅगसकट हँगरवर लावा. पैठणी असेल तर परफ्यूम किंवा डिओ साडी नेसण्याआधीच मारून वाळू द्या. जरीवर उडाला तर जर काळवंडते, आणि येवल्याच्या विणकराने महिनोन् महिने मागावर बसून विणलेल्या पदराचं नुकसान भरून निघत नाही. माझा सगळ्यात जास्त जीव अडकतो तो याच कपड्यात.

लॅक्मे फॅशन वीकसारख्या शोला दोन लूकमध्ये मिनिटभरही मिळत नाही. तेव्हा फोन बाजूला, हात सैल, आणि ड्रेसर सांगेल तोच पाय आधी उचलायचा. ड्रेसरचं नाव विचारून ठेवा. घाईत ‘ओ ताई’ म्हटल्यावर चार जणी वळतात.

वेळेचं थोडक्यात: कॉल टाइम, म्हणजे सेटवर हजर व्हायची वेळ, सातचा असेल तर पावणेसातला तुम्ही आत. रविवारी शूट असेल तर शनिवारीच लोकलचा मेगाब्लॉक बघून ठेवा.

कास्टिंगच्या नावाखाली हॉटेलच्या खोलीत बोलावलं तर जाऊ नका. पहिल्या भेटीला कोणाला तरी सोबत न्या, पत्ता घरी कळवा. नावनोंदणीचे पैसे मागणारी, किंवा पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून काढा म्हणून हजारो रुपये सांगणारी एजन्सी सोडून द्या. खरी एजन्सी तुम्हाला काम मिळाल्यावर त्यातून कमिशन घेते.

पैशांचं बोलणं कामाआधी आणि लेखी, निदान व्हॉट्सअॅपवर तरी. किती तास, किती लूक, जास्त वेळ थांबवलं तर किती, प्रवासखर्च कोणाचा, पैसे किती दिवसांत. आणि फोटो कुठे, किती महिने वापरणार, हे तर नक्की विचारा. वेबसाइटसाठी ठरलेला फोटो होर्डिंगवर चढला तर त्याचे वेगळे पैसे मागता येतात, पण आधी लिहून घेतलेलं असेल तरच. बिल त्याच आठवड्यात पाठवा, त्यावर पॅन आणि बँकेचा तपशील घाला. टीडीएस कापून पैसे आले तर कापलेली रक्कम तुमच्या पॅनवर जमा झाली का ते आयकराच्या पोर्टलवर तपासा. रिटर्न भरलं तर जादा कापलेलं परत मिळतं. ठरलेली तारीख उलटली की दर सोमवारी बिल जोडून एक साधा मेल टाका, पैसे येईपर्यंत.