चिंगी आणि मोतीचं भांडं

आमची मांजर चिंगी दोन्ही कुत्र्यांना पुरून उरते. त्यातल्या मोतीच्या भांड्यात आधी एक पंजा घालायची, एक दाणा बाहेर ओढायची, मग सरळ तोंडच घालायची. मोती तिच्यापेक्षा कितीतरी मोठा, तरी मागे सरून बघत उभा! आम्हाला कौतुक वाटायचं. पण एक दिवस तो दबक्या आवाजात गुरगुरला आणि मी सावध झाले. शिवाय कुत्र्यांचं खाणं मांजराला पुरत नाही. टॉरिन नावाचं पोषकद्रव्य मांजराच्या शरीरात पुरेसं तयार होत नाही, ते अन्नातूनच मिळावं लागतं. कमी पडलं तर डोळे आणि हृदय बिघडतं.

रागावून काही उपयोग झाला नाही. मग भांडं दिवसभर भरून ठेवणं बंद केलं. आता कुत्र्यांना दोन वेळा, दार लावून, १५ मिनिटं, उरलेलं उचलायचं. चिंगीचं खाणं त्याच वेळी उंच कपाटावर. पहिले चार दिवस ती दाराखालून पंजा सरकवून ओरडायची, जीव तुटायचा, पण दार उघडलं नाही. आठवड्याभरात भांड्याचा आवाज आला की स्वतःच कपाटावर उडी मारू लागली.

मोतीच्या शेपटीवर झडप घालणं मात्र चालूच आहे. ते तो आनंदाने करू देतो.