दोन नर्सिंग नोकऱ्यांमधून एक कशी निवडावी आणि जुनी नीट कशी सोडावी

जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झालेल्या आमच्या भागातल्या पोरी फोन करतात, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "ताई, नागपूरवाले २० हजार देऊन राहिले, तालुक्याचे १६ च म्हणतात. कुठं जाऊ?"

आधी हिशेब मांडा

समजा नागपूरच्या २०,००० मध्ये मूळ पगार १५,००० आहे. त्यावर १२ टक्के पीएफ म्हणजे १,८०० आणि ईएसआयचे (कर्मचारी राज्य विमा) १५० रुपये कापले जातील. हाती येतील १८,०५०. खोली आणि मेसचे ७,००० गेले की उरतात ११,०५०. तालुक्याचं हॉस्पिटल घरून जाण्यासारखं असेल, तर एसटीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे. रोजचे ४० रुपये धरले तरी २६ दिवसांचे १,०४०. म्हणजे १६,००० मधून १४,९६० उरतात.

पण लहान हॉस्पिटलात बरेचदा पीएफ नसतो आणि ईएसआयही नसतं. नागपूरला मालकाचा वाटाही तुमच्या पीएफ-पेन्शनमध्ये पडतो, आजारपणात ईएसआय कामी येतं. घरात कमावणाऱ्या तुम्ही एकट्याच असाल, तर हे विसरू नका.

या दोघांशिवाय तिसरी ऑर्डर (नेमणुकीचं पत्र) राष्ट्रीय आरोग्य अभियानाची असेल, तर ती कंत्राटी असते. मानधन किती, करार कधी संपतो, हे ऑर्डरवरच वाचा. "पुढं परमनंट होईल" हे कुणी तोंडी सांगितलं, तर ते धरून चालू नका.

मग रात्रीचं विचारा

मला पगारापेक्षा हे मोठं वाटतं. नाईटला वॉर्डात किती पेशंट आणि किती सिस्टर? डॉक्टर आवारात राहतात की फोनवर? ड्युटी संपल्यावर घरी जायला गाडी आहे का, की राहायला क्वार्टर? जमलं तर संध्याकाळी ड्युटी बदलताना स्वतः जाऊन उभ्या राहा. चार्ज (पेशंटची जबाबदारी) देणारी सिस्टर पेशंटच्या खाटेजवळ उभी राहून सांगते की काउंटरवरूनच निघते, एवढं पाहिलं तरी त्या वॉर्डाची तऱ्हा कळते.

बाँड असेल तर किती महिन्यांचा आणि मोडल्यास किती रक्कम, हे वाचूनच सही करा. मूळ प्रमाणपत्रं कुणाकडेच ठेवू नका. माझ्या पहिल्या नोकरीत नर्सिंग कौन्सिलचं मूळ रजिस्ट्रेशन ठेवून घेतलं होतं. सरकारी मुलाखतीचा दिवस आला आणि माझ्या हातात फक्त झेरॉक्स होती. दाखवायचं असेल तेव्हा मूळ दाखवा, द्यायची मात्र झेरॉक्सच.

राजीनामा

नवीन ऑर्डर लेखी हातात आल्याशिवाय राजीनामा लिहू नका. जुन्या ऑर्डरवर नोटिशीची मुदत पाहा. पुढच्या महिन्याचा ड्युटी चार्ट लागायच्या आधी इन्चार्ज सिस्टरला भेटून सांगा. तिला दुसऱ्याकडून कळू देऊ नका. नंतर अर्ज द्या, दोनच ओळींचा: "वैयक्तिक कारणास्तव मी स्टाफ नर्स पदाचा राजीनामा देत आहे. नियमानुसार नोटीस कालावधी पूर्ण करून मला कार्यमुक्त करावे, ही विनंती." तक्रारी त्यात लिहू नका. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोचपावतीची सही घ्या.

सरकारी कंत्राटात असाल तर अर्ज वैद्यकीय अधिकाऱ्यामार्फत वर जातो: ग्रामीण रुग्णालयातून सिव्हिल सर्जनकडे, पीएचसीतून (प्राथमिक आरोग्य केंद्रातून) जिल्हा आरोग्य अधिकाऱ्याकडे.

निघताना कार्यमुक्तीचं पत्र आणि अनुभव प्रमाणपत्र मागून घ्या. प्रमाणपत्रात रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख, शिवाय वॉर्डाचं नाव हवं. पीएफचा यूएएन (कायमचा खाते क्रमांक) जुनाच नव्या ठिकाणी द्या. खात्यात सोडल्याची तारीख चढली का, हे महिन्याभरानं तपासा.

शेवटच्या ड्युटीला इमर्जन्सी ट्रॉलीतली औषधं मोजून, रजिस्टरवर लिहून, पुढच्या सिस्टरची सही घ्या. ज्या पेशंटचं सलाईन तुम्ही लावलं, त्याला तिचं नाव सांगा, मगच निघा.